धुळ्याचे आठशे

तोतारामभाऊ पाटलांना "बरं आहे का?" असं कुणी सहज विचारू नये. विचारलंच, तर "कशाच्या तुलनेत?" हा उलट प्रश्न ऐकायची तयारी ठेवावी. जळगावच्या सरकारी सांख्यिकी कचेरीत ते मोठे सहायक होते. कोणत्या गावात काय भावाने काय मिळतं याचे आकडे गोळा करायचे, त्यांची बेरीज करायची, बेरजेला भागायचं आणि महागाई अमुक टक्के वाढली असं वर कळवायचं, हे त्यांचं काम. महागाई वाढली की माणसं कपाळाला हात लावतात. तोतारामभाऊ मात्र दशांश चिन्ह बरोबर जागी आहे की नाही ते पाहत.

अशा माणसाच्या घरात एका संध्याकाळी त्यांच्या बायकोने, म्हणजे पुष्पाबाईंनी, ज्वारीचं पीठ चाळता चाळता सांगितलं, "अहो, धुळ्याच्या शाळेने मला बोलावलंय. आठशे देताहेत."

पुष्पाबाई ऐकू न येणाऱ्या लहान मुलांना शिकवायच्या. तीन ते सहा वर्षांची पोरं. ओठांसमोर कागदाची पट्टी धरायची आणि "प" म्हणून दाखवायचं. पट्टी हलली की पोराला कळतं, आपल्या तोंडातून काहीतरी बाहेर पडलं. असा एकेक "प" काढायला कधी महिना लागतो. त्याचं रीतसर शिक्षण घेतलेल्या बाया तेव्हा, म्हणजे अठ्ठ्याऐंशी सालच्या सुमाराला, त्या भागात हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या होत्या. जळगावची संस्था त्यांना महिना साडेसहाशे देई आणि त्याला पगार न म्हणता "मानधन" म्हणे. संस्थेचा मान मोठा होता, धन बेताचं होतं. धुळ्याला देवपुरात तसाच बालवर्ग नव्याने निघाला होता आणि ती संस्था आठशे द्यायला तयार होती. वर्गात ऐकण्याचं नवं यंत्रही येणार होतं. महिनाअखेरपर्यंत हो की नाही कळवायचं होतं.

दुसरा कोणी नवरा असता तर म्हणाला असता "जा", नाहीतर म्हणाला असता "नको." तोतारामभाऊ म्हणाले, "आठशे म्हणजे खरे किती?"

"म्हणजे? आठशे म्हणजे आठशे!"

"तसं नसतं गं. धुळ्याचे आठशे जळगावात किती, ते काढावं लागेल. तिथली डाळ काय भाव, तेल काय भाव, घरभाडं किती, पाणी किती वेळ येतं. नुसत्या आकड्याला भुलायचं नाही. शास्त्रीय पद्धतीने बघू."

पुष्पाबाईंनी चाळणीवर जरा जोरात थाप मारली. एवढंच. बारा वर्षांच्या संसारात त्यांना एक कळलं होतं, की नवऱ्याच्या तोंडून "शास्त्रीय" हा शब्द निघाला की मध्ये पडू नये, दमला की आपोआप थांबतो.

पहिली अडचण स्वतःच्याच कचेरीत आली. धुळ्याचे भाव शेजारच्या कपाटात होते. कपाटाची किल्ली समोरच्या खुंटीवर होती. पण ते आकडे अजून वरून मंजूर होऊन आले नव्हते आणि मंजूर होईपर्यंत ते गोपनीय. तुरीच्या डाळीचा भाव गोपनीय! धुळ्यातल्या प्रत्येक बाईला ठाऊक असलेली गोष्ट जळगावच्या सरकारी सहायकाला कळू नये, असा नियम होता. आणि तो नियम कपाटाच्या दारावर ज्याने सुवाच्य अक्षरात लिहून चिकटवला होता, ते स्वतः तोतारामभाऊच होते. त्यामुळे नियमाला शिव्या देण्याचीही सोय राहिली नाही.

तोवर बातमी गल्लीत पसरली. समोरचे रुपचंद नाना एस.टी.त कंट्रोलर होते, आता रिटायर झालेले. त्यांचं म्हणणं, गावाची परीक्षा स्टँडवर होते. "धुळ्याचा स्टँड मोठा. मुंबईची गाडी, इंदूरची गाडी, सुरतेची गाडी, बठ्ठ्या गाड्या तिथूनच. म्हणजे काय, तोतारामभाऊ? गावात टिकायचं कारणच नाही, कुठेही निघून जाता येतं!" हा गुण की दोष, ते नानांनी सांगितलं नाही. शेजारच्या धुरपदाबाई फैजपूरच्या. त्यांनी कमरेवर हात ठेवून निकालच दिला. "अवं माय, धुयाले जाशीन? वांगं भेटीन तिथं, पन भरताचं वांगं नाही भेटनार. मंग आठशे काय चाटाचे?"

तोतारामभाऊंनी हे शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "भरताचं वांगं तिथे मिळत नाही, की महाग मिळतं?" धुरपदाबाईंनी कमरेवरचे हात खाली सोडले. मग पुष्पाबाईंना म्हणाल्या, "कशी दिवस काढते वं तू?"

शेवटी एका रविवारी भाऊंनी कातडी पिशवी काखेत मारली, इस्त्रीचा सदरा चढवला आणि एरंडोल-पारोळ्यामार्गे धुळ्याची गाडी धरली. खिडकीशेजारी बसून त्यांनी आपली पद्धत मनात घोळवली. एका संसाराला महिन्याला लागणारी टोपली घ्यायची. त्या टोपलीत ज्वारी, डाळ, शेंगदाण्याचं तेल, दूध, रॉकेल, वांगी, खोलीचं भाडं. तीच टोपली जळगावात केवढ्याला आणि धुळ्यात केवढ्याला? भागाकार केला की सत्य हातात. सत्य इतकं जवळ आहे म्हटल्यावर पारोळ्याला त्यांनी आनंदाने दोन भजी जास्तच खाल्ली.

देवपुरात उतरून ते पहिल्या किराणा दुकानात शिरले. कातडी पिशवी, इस्त्रीचा सदरा, कानामागे पेन्सिल, आणि पहिला प्रश्न, "तूरडाळ काय भाव लावता आपण?"

आता सांगा, कोणतं गिऱ्हाईक "भाव लावता आपण" असं विचारतं? दुकानदाराने एकदा पिशवीकडे बघितलं, एकदा काट्याकडे बघितलं आणि कोपरापासून हात जोडले. "साहेब, आपला भाव एकदम वाजवी. आठ रुपये. आपल्यासाठी म्हणून नाही, सगळ्यांनाच आठ!" शेजारी उभी असलेली बाई म्हणाली, "ऑं? मले तं सकायमा दहा लायेत!" त्यावर दुकानदाराने तिला दोन रुपये परत दिले आणि तोतारामभाऊंच्या हातात गुळाचा खडा ठेवला. पुढच्या दुकानात शेंगदाणा तेल जळगावपेक्षा चार रुपयांनी स्वस्त निघालं. त्याच्या पुढच्या दुकानात तर ज्वारी विचारायच्या आतच पोतं उघडून दाखवलं, त्यात खडा नाही म्हणून शपथ घेतली. "वजनमापवाला साहेब आला" ही हाक त्यांच्या आधी चार दुकानं पुढे पळत होती, आणि भाऊ मागून भाव टिपत चालले होते. गल्ली संपली तेव्हा धुळ्याचे आठशे म्हणजे जळगावचे खरे अकराशे झाले होते.

दुसरा कुणी आनंदला असता. पण भाऊ कसलेले सहायक. एवढी स्वस्ताई असती तर अख्खं जळगाव धुळ्याला येऊन राहिलं नसतं का? त्यांनी ताडलं, दुकानदार आकडा फिरवतो. खरा भाव घरात कळतो. गिरणीच्या पाठीमागच्या आळीत एक बरं दिसणारं घर पाहून त्यांनी कडी वाजवली.

दार उघडलं मंजुळाबाईंनी. साठीच्या, कपाळावर रुपयाएवढं कुंकू, आणि चुलीपासून दारापर्यंत पोचेल असा खणखणीत आवाज. तोतारामभाऊ म्हणाले, "नमस्कार. मी जळगावचा पाटील. मूळचा यावलकडचा. जरा चौकशीला आलो होतो."

"चौकशीले? या, या! बठा!" मंजुळाबाईंनी सतरंजी झटकली, पाणी आणलं आणि आत कुणाला तरी डोळ्याने खूण केली. "बोला, काय इचारनं शे?"

इथे एक गोष्ट सांगायला हवी. यावलकडच्या, तोतारामभाऊंच्या वयाच्या माणसाच्या तोंडून "माझी बायको" हे दोन शब्द मरण आलं तरी बाहेर पडत नसत. नावाने हाक मारणं तर दूरच. "आमच्या घरात", "आमच्याकडे", "घरातलं माणूस", असं आडून आडून सांगायचं. ऐकणाऱ्याने समजून घ्यायचं. आजवर सगळ्यांनी समजून घेतलं होतं. म्हणून भाऊ नेहमीच्या विश्वासाने बोलले.

"त्याचं असं आहे, आमच्या घरातलं माणूस आहे. मास्तरीणबाई आहेत. लहान मुलांना शिकवतात, विशेष शिक्षण घेतलंय. सध्या जळगावला साडेसहाशे आहेत. इकडे आल्या तर आठशे होतील. पण नुसता पैसा बघून कसं चालेल? घर बघायला पाहिजे, पाणी बघायला पाहिजे, शेजार बघायला पाहिजे. म्हटलं, आपण आधी डोळ्यांनी बघून यावं. मग पुढचं."

मंजुळाबाईंचा चुडामण तेहतिशीला आला होता. सूतगिरणीत हजेरी घ्यायच्या कामावर होता, मुलगा सोन्यासारखा, पण पाच स्थळं येऊन गेली आणि कुठे जमलं नव्हतं. आज सहावं स्थळ स्वतःच्या पायांनी दाराशी चालत आलेलं, तेही पगारदार मुलीचं! मंजुळाबाईंनी आतल्या बाजूला तोंड करून हाक मारली, "कौतिक, वं कौतिक! बाहेर ये. पाव्हना उना शेतस." कौतिकभाऊ त्यांचा धाकटा भाऊ, म्हणजे चुडामणचा मामा. अंगात कोट घालत ते बाहेर आले. पाठोपाठ पोहे आले.

भाऊंना वाटलं, धुळ्याची माणसं फारच प्रेमळ. त्यांनी पोह्यांची बशी मांडीवर घेतली आणि कामाला सुरुवात केली. "आपल्याकडे दूध किती लागतं?"

"दोन लिटर," मंजुळाबाई म्हणाल्या. लागायचं अर्धा लिटर. "तूप घरनं. डायले तोटा नही. तेलनं काय इचारतस, डबाच उनेल शे. आमना चुडामण सुपारीनं खांड बी खात नही!"

चुडामणच्या सुपारीचा महागाईशी काय संबंध, हे भाऊंना कळेना, पण घरात एक माणूस कमी खर्चाचं आहे एवढी नोंद त्यांनी मनात केली. "आणि खोलीचं कसं?"

"वरनी खोली नवी बांधेल शे. मोरी आतमधलीच. तुमनीच समजा!"

"भाडं?"

मंजुळाबाई आणि कौतिकभाऊ एकमेकांकडे बघून पोट धरून हसले. "भाडं! काय पण बोलतस पाव्हना! आपल्या घरमधलं मानूस आनि भाडं!"

भाऊंनी भाड्यापुढे शून्य लिहिलं. आयुष्यात पहिल्यांदाच.

"दिसाले कशी शे?" मंजुळाबाईंनी हळूच विचारलं.

बायकांना अशा चौकशा लागतात, हे भाऊंना माहीत होतं. ते लाजले. "चार माणसांत बसेल अशी आहे," ते बशीकडे बघत म्हणाले. पाहुणा लाजतो, म्हणजे घराणं सरळ, असं मंजुळाबाईंनी धरलं. त्या पुढे वय विचारणार, एवढ्यात आळीत "पानी उनं, पानी उनं!" अशी ओरड झाली. मंजुळाबाई कळशी घेऊन पळाल्या, कौतिकभाऊ कोट काढून बादली घेऊन पळाले आणि तोतारामभाऊ घड्याळ काढून नळ किती वेळ वाहतो ते बघायला पळाले. वयाचं राहूनच गेलं.

निघताना कौतिकभाऊंनी पत्ता घेतला. "पुढच्या रविवारी आम्ही येतो. बघायला."

"या की! अवश्य या. तुम्हीही बघून घेतलेलं बरं," भाऊ म्हणाले. घरमालकाने भाडेकरू पारखून घ्यावा यात गैर काय? उलट भाऊंना या लोकांचा आदरच वाटला.

घरी आल्यावर त्यांनी पुष्पाबाईंना सगळं रंगवून सांगितलं. दुकानांच्या हिशेबाने धुळ्याचे आठशे म्हणजे अकराशे. मंजुळाबाईंच्या घरखर्चाच्या हिशेबाने म्हणजे जेमतेम पाचशे. आणि खोली फुकट धरली तर गणित कुठे जातं ते त्यांचं त्यांनाच सांगता येईना. "पण घरमालक मोठे चांगले आहेत. रविवारी येताहेत तुला... आपल्याला बघायला."

"फुकट खोली?" पुष्पाबाई म्हणाल्या. "फुकट कोण देतं हो? तुम्ही त्यांना नेमकं सांगितलं काय?"

"जे आहे ते सांगितलं."

पुष्पाबाईंनी नवऱ्याकडे बराच वेळ बघितलं. त्यांच्या वर्गातली पोरं तोंड उघडून काहीच बोलत नाहीत, आणि हा माणूस पुष्कळ बोलून काहीच सांगत नाही. पण महिनाअखेर आठ दिवसांवर आलेली, मनात धुळं पक्कं होत चाललेलं, आणि राहायला जागा तर लागणारच. त्यांनी रविवारी भरीत-भाकरी करायची ठरवली.

रविवारी अकराला दाराशी जीप थांबली. जीपमधून मंजुळाबाई उतरल्या, हातात नारळ आणि कागदात गुंडाळलेलं लुगडं. कौतिकभाऊ उतरले, अंगात तोच कोट. मागून चुडामण उतरला, नवा बूट, आणि बूट चावतोय असा चेहरा. धुरपदाबाई आपल्या ओट्यावर येऊन उभ्याच राहिल्या. भाड्याने खोली द्यायला लुगडं घेऊन येणारे घरमालक त्यांनी फैजपुरात बघितले नव्हते.

पुष्पाबाईंनी सगळ्यांना बसवलं, पाणी दिलं. मंजुळाबाईंना वाटलं ही वहिनी. त्या कौतुकाने म्हणाल्या, "वहिनी मोठी गोड शे. आते पोरले बलावा."

"पोर?" पुष्पाबाई म्हणाल्या. त्यांना पोरबाळ नव्हतं.

"मास्तरीणबाईले!"

"मीच मास्तरीण."

मंजुळाबाईंनी त्यांच्या गळ्यातलं मंगळसूत्र बघितलं. मग जोडवी बघितली. मग पुन्हा मंगळसूत्र बघितलं, जणू मध्ये काही बदल झाला असेल. "माय वं! हाई तं लगीन व्हयेल बाई शे!"

चुडामण एका झटक्यात उभा राहिला आणि बूट चावल्यामुळे खाली बसला. कौतिकभाऊंचा आवाज चढला. "ओ पाटील! तुम्ही म्हणाला घरातलं माणूस आहे! बहीण आहे का मेव्हणी आहे, स्पष्ट सांगा, कोण आहे ही?"

तोतारामभाऊ दाराच्या चौकटीला टेकले होते. ओट्यावर धुरपदाबाई, समोर रुपचंद नाना खिडकीत, आत धुळ्याचं अख्खं स्थळ. पळायला जागा नाही. त्यांनी डोळे मिटले आणि म्हणाले, "ही माझी... बायको."

बोलले बाई! लग्नाला बारा वर्षं झाल्यावर चारचौघांत बोलले. पुष्पाबाईंनी त्यांच्याकडे बघितलं, वर्गातल्या एखाद्या पोराने पहिल्यांदा "प" म्हटल्यावर बघत तसं. आणि मग त्यांना जे हसू फुटलं ते आवरेचना. पदर तोंडाशी धरला, तरी खांदे हलत होते. मंजुळाबाईही आधी रागावल्या, मग त्या हसण्याला बळी पडल्या. दोघी एकमेकींचे हात धरून हसू लागल्या. मधे मधे मंजुळाबाई म्हणत, "आनि मी म्हंते, पाव्हना कितला सरळ!" आणि पुन्हा सुरू.

हसले नाहीत ते कौतिकभाऊ. ते कोटाचं बटण पिरगाळत होते. शेवटी म्हणाले, "तुम्ही हसा. माझी तर पंचाईत झालीय. देवपुरातल्या त्या बहिऱ्या पोरांच्या शाळेच्या कमिटीत मी खजिनदार आहे. जळगावची मास्तरीण आणि आठशे, एवढं जुळलं म्हणून गेल्या बुधवारी मी कमिटीत सांगून बसलो, येणाऱ्या बाई आमच्याच घरात पडताहेत. घरचीच सून म्हटल्यावर आठशे कशाला? सहाशेत येईल. तसा ठराव झालाय."

पुष्पाबाईंचं हसू जागच्या जागी थांबलं.

"सहाशे?" त्या म्हणाल्या.

"सर्वानुमते," कौतिकभाऊ खाली मान घालून म्हणाले.

म्हणजे जळगावपेक्षाही पन्नास कमी! एका रविवारच्या फेरीत नवऱ्याने बायकोचे दोनशे रुपये घालवले होते, तेही कुठल्या डाळीने नाही, तेलाने नाही. महागाई इतक्या सरळ रस्त्याने घरात आलेली तोतारामभाऊंनी कधी पाहिली नव्हती.

"ठरावात कारण काय लिहिलंय?" पुष्पाबाईंनी विचारलं. आवाज वर्गातला होता, स्पष्ट आणि सावकाश.

"बाईंनी स्वखुशीने कमी मानधन मान्य केलं, असं."

"माझी खुशी मला न विचारता तुम्हाला कुठे सापडली?"

कौतिकभाऊ पुन्हा कोटाच्या बटणाकडे वळले.

"बरं. मग ठराव बदलायला लागेल. आणि का बदलला, तेही लिहावं लागेल. खजिनदार आपल्या भाच्यासाठी लग्न झालेली बाई बघायला जळगावला गेले होते, असं मी कळवू का कमिटीला? का तुम्ही स्वतः कळवता?"

कौतिकभाऊंचा चेहरा बघण्यासारखा झाला. धुळं काही एवढं मोठं गाव नाही. गोष्ट संध्याकाळपर्यंत स्टँडवर पोचली असती आणि रात्रीच्या गाडीने सुरतेला गेली असती. ते मदतीसाठी बहिणीकडे वळले. पण मंजुळाबाई तोवर पुष्पाबाईंच्या शेजारी सरकून बसल्या होत्या.

"माले नको देखू," त्या भावाला म्हणाल्या. "सून व्हनार व्हती तं सहाशे. आते सून नही, मंग आठशे. इतला साधा हिशोब तुले समजस नही? आनि एक सांग, सून व्हती तरी कमी कसाले? तिना घसा फुकट शे का? लाज नही वाटनी तुले?"

"अक्का, अगं चालीरीत असते..."

"चालीरीत गई उकिरडावर! आठशेले पन्नास वाढव. जीपनं भाडं समज."

"साडेआठशे," पुष्पाबाई शांतपणे म्हणाल्या. "आणि मानधन नाही. पगार म्हणायचं."

कौतिकभाऊंनी दोन बायकांकडे आळीपाळीने बघितलं आणि मान डोलावली. मग भाकरीचं ताट समोर आल्यावर थोडे सावरले. भरीत फर्मास झालं होतं. चुडामणने तीन वेळा मागून घेतलं आणि सगळ्या वेळात एकच वाक्य बोलला, तेही हात धुताना, तोतारामभाऊंच्या कानाशी. "भाऊ, हे शिक्षण घेतलेल्या आणखी बाया आहेत म्हणतात... त्यांतली एखादी बिनलग्नाची?" नारळ मंजुळाबाईंनी देवापुढे ठेवला आणि लुगडं पुष्पाबाईंच्या ओटीत घातलं. "सून नही तं नही. लेक म्हनीसन ठेव." जाता जाता वरची खोली पाहिजे का, तेही विचारलं. भाडं दीडशे सांगितलं.

जीप गेली. धुरपदाबाई येऊन सगळी हकिकत दोनदा ऐकून गेल्या. नाना एकदाच ऐकून गेले, कारण त्यांनी खिडकीतून निम्मी ऐकलीच होती. घरात शांतता झाली. तोतारामभाऊंची अब्रू त्या दिवशी गल्लीभर झाली होती, तरी सवय जात नाही म्हणतात ते खोटं नाही. ते पुष्पाबाईंच्या मागे मागे मोरीपर्यंत गेले. "आता दीडशे भाडं धरलं, दुकानाचे भाव आणि घरचे भाव यांचा मध्य काढला, तर साडेआठशेचे खरे सातशे दहा होतात. म्हणजे वाढ म्हटली तर साठ रुपयांची. आता साठ रुपयांसाठी..."

पुष्पाबाईंनी तवा घासायचा हातातला काथ्याचा चोथा खाली ठेवला.

"अहो, आपण धरणगावला होतो तेव्हा माझी नोकरी कायम होती," त्या म्हणाल्या. "तुमची बढती झाली. जळगावला मोठी खुर्ची मिळाली. मी दुसऱ्या दिवशी राजीनामा दिला. तेव्हा जळगावच्या वांग्यांचा भाव काढायला कोण गेलं होतं?"

त्या रागावून बोलल्या नाहीत. रागावल्या असत्या तर भाऊंना बरं वाटलं असतं. त्यांनी आठवून पाहिलं. बढतीचा हुकूम आला ते आठवलं, पेढे आठवले, सामान भरलेला ट्रक आठवला. बायकोला विचारलेलं मात्र काही केल्या आठवेना. विचारलंच नव्हतं, तर आठवणार कुठून? त्यांना फार वाईट वाटलं. पुष्पाबाई तवा घासत राहिल्या आणि ते तिथेच ओल्या मोरीच्या काठावर, इस्त्रीच्या लेंग्यानिशी, बसून राहिले.

सकाळी कचेरी उघडल्याबरोबर ते साहेबांच्या समोर उभे राहिले. साहेब पेपर वाचत होते.

"साहेब, माझी धुळ्याला बदली करा."

साहेबांनी पेपर खाली केला. "धुळ्याला? तिथे मोठ्या सहायकाची जागा नाही, पाटील. एक फिरतीची जागा आहे. उन्हातान्हात बाजार फिरून भाव गोळा करायचे. खुर्ची नाही, टेबल नाही. लोक बढतीसाठी रडतात आणि तुम्ही उतरून मागताय! कारण काय?"

"बायकोला तिथे चांगली नोकरी लागलीय. साडेआठशे. आणि वर्ग तिचा स्वतःचा."

शेजारच्या टेबलावरचा टाइपरायटर थांबला. साहेबांनी चष्मा काढला. इतक्या वर्षांत या माणसाने चहाचा कपसुद्धा आकडेमोड केल्याशिवाय तोंडाला लावला नव्हता.

"अहो, पण तुमचं नुकसान किती होईल? भत्ता जाईल, खुर्ची जाईल. हिशेब केलात का तुम्ही?"

"नाही केला, साहेब," तोतारामभाऊ अर्ज पुढे सरकवत म्हणाले. "सही करा."

साहेबांनी घंटी वाजवून शिपायाला बोलावलं आणि हळू आवाजात सांगितलं, "पाटलांना खुर्ची दे आणि थंड पाणी आण. त्यांना बरं नाहीये."